घर ओयखू आलं पाह्यजे

वानखडेभाऊंनी भर मीटिंगमध्ये शर्टाच्या खिशातून राणी काढली, तेव्हा माझ्या हातातला ट्रे तिरपा झाला आणि दोन कप चहा थेट देशमुखसाहेबांच्या मांडीवर गेला. देशमुखसाहेब म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. ते ओरडले चहामुळे, मी ओरडले राणीमुळे, आणि वानखडेभाऊ आम्हा दोघांकडे नाराजीनं पाहत म्हणाले, "जरा हयू बोला ना बाप्पा. नवी नवरी हाये, घाबरते."

राणी म्हणजे मधमाशीची राणी. काडेपेटीएवढ्या जाळीच्या डबीत ती बसली होती आणि तिच्या सेवेला चार-दोन साध्या माशा होत्या. बाहेर थंडी, डबी गार पडते, माणसाच्या अंगाची ऊब लागते तिला, म्हणून ती सकाळपासून भाऊंच्या खिशात होती. म्हणजे ते बँकेत गेले तेव्हा ती होती. किराणा आणला तेव्हा होती. सकाळी कोणाच्या तरी मयतीला जाऊन आले, तेव्हाही ती खिशात होती. हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि वर म्हणाले, तिथं काहीच बोलली नाही, शहाणी आहे.

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन वरूडला आले, इथल्या कन्या शाळेत भूगोल शिकवते, आणि कॉलनीची सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. मला धक्के सोसत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि अशा बाईच्या नशिबी भिंतीला भिंत लागून शेजार आला तो भीमरावभाऊ वानखड्यांचा. इतक्या वर्षांत सवय व्हायला पाहिजे होती, पण हा माणूस दर वेळी नवीनच काहीतरी करून ठेवतो.

भाऊंचं बिछायत केंद्र होतं. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे मांडव त्यांनी टाकले असतील. आता धंदा पुतण्या पाहतो. माशांचं वेड लागलं तेही एका मांडवातूनच. संत्र्याच्या एका बागेत लग्न होतं, आंबिया बहार फुललेला, आणि घडी करून ठेवलेल्या गुलाबी कनातीत मधमाशांचा एक थवा येऊन बसला. आता कोणीही शहाणा माणूस धूर करेल, झटकून टाकेल. भाऊंनी कनात उघडूच दिली नाही. पाहुण्यांना घराबाहेर काढायचं नसतं म्हणाले. मांडवाची एक बाजू तशीच उघडी राहिली, नवरदेव उन्हात तापला, आणि त्याचा मामा भाऊंना अजूनही बाजारात दिसला की रस्ता बदलतो.

तेव्हापासून बिछायत संपली आणि माशा सुरू झाल्या. बरं, मधासाठी म्हणाल तर तेही नाही. मध मागितला तर म्हणतात, दुकानात भेटते. त्यांना फक्त राण्यांची लग्नं लावायची असतात.

हे लग्न प्रकरण काय ते मी सांगते, कारण मलाही समजायला बराच वेळ लागला. मोठ्या पेटीत नवी राणी तयार होत आली की भाऊ तिला वेगळ्या लहानशा पेटीत ठेवतात, सोबत वाटीभर माशा देतात. तिथं ती चार दिवस राहते, आणि एखाद्या उबदार दुपारी बाहेर उडते. आभाळात उंचावर तिचं नरांशी मीलन होतं आणि ती परत त्याच पेटीत येते. मग अंडी घालायला लागली की भाऊ तिला कोणाच्या तरी राणी नसलेल्या मोठ्या पेटीत नेऊन देतात, म्हणजे सासरी पाठवतात. ही जी लहान पेटी, तिला ते लगनघर म्हणतात.

लगनघर कसं पाहिजे यावर या माणसानं जेवढा विचार केला, तेवढा आमच्या ह्यांनी आमचं घर बांधताना केला नाही. फार मोठं घेतलं तर मूठभर माशांना ते ऊबदार ठेवता येत नाही आणि राणी गारठते. फार लहान घेतलं तर सगळ्या माशा राणीला घेऊन पळून जातात. भाऊंनी आइस्क्रीमवाल्याचं थर्माकोलचं खोकं वापरून पाहिलं. बुटांचं खोकं पाहिलं, ते मुंग्यांनी पाहिलं आणि संपवलं. एकदा माझ्याकडून पोळ्यांचा डबा मागून नेला. मला वाटलं पाहुणे आले असतील. बऱ्याच दिवसांनी डबा परत आला तो खाली एक भोक आणि झाकणाला सतरा भोकं पाडून. मी डबा हातात घेऊन उभीच राहिले, तर मला म्हणतात, "चालला नाई म्याडम. स्टील लय तापते. तुमी घ्या वापरायले."

शेवटी सुतारानं त्यांना मनासारख्या लाकडी पेट्या करून दिल्या. एवढीशी पेटी, आत दोन लहान चौकटी, साखरपाण्याची वाटी, माशांना जायला-यायला बोटभर दार. पेटीच्या पायांखाली पाणी भरलेली झाकणं, मुंग्या चढू नयेत म्हणून. अशा डझनभर पेट्या अंगणात.

यांच्या माशांनी मला कधी डंख मारला नाही, तो त्रास भाऊंच्या बोलण्यानं भरून काढला. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, आणि भाऊ फक्त ताट परत द्यायला दारात आले. कोणीतरी सहज विचारलं, काय भाऊ, किती लग्नं लावली या मोसमात? झालं. भाऊ उंबऱ्यावर उभे राहून सांगायला लागले की राणीला एक नवरदेव नसतो, दहा-पंधरा असतात. सगळं एका दुपारी. मी घाईघाईनं हळदीकुंकवाचा करंडा पुढच्या बाईकडे सरकवला. बरं, एवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले. पुढे म्हणाले, आणि नवरदेव वरच्या वर मरून खाली पडते. मग देशमुखवहिनींनी हळूच विचारलं, "सगळेच मरतात का?" त्या विचारण्यात जो सूर होता तो मी अजून विसरले नाही, आणि देशमुखसाहेबांना मी तो कधी सांगणारही नाही.

पण भाऊंचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे रंग. एक पेटी निळी, दुसरी पिवळी, तिसरीवर लाल गोल, चौथीवर पांढरी फुली. एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, एकीचं चक्क भिंतीकडे. एका ओळीत म्हणून काही नाही. मी म्हटलं, भाऊ, जरा सरळ रांगेत ठेवा, बघायला बरं दिसतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाण शिवी दिली.

मग मला अंगणात नेऊन उभं केलं. दुपारची वेळ होती. निळ्या पेटीच्या दारातून एक लांबट माशी बाहेर आली. सरळ उडून गेली नाही. पेटीकडे तोंड करून हवेत डावीकडे झाली, उजवीकडे झाली, थोडी मागे सरकली, पुन्हा झुलली. भाऊ कुजबुजले, "पाहा. घर पाठ करून राहिली." राणी पहिल्यांदा बाहेर पडते ना, तेव्हा तिला घराची खूण पाहिजे असते. सगळ्या पेट्या सारख्या, एका रांगेत असल्या तर परत येताना ती चुकून दुसरीच्या दारात शिरते. आणि तिथल्या माशा तिला ठेवत नाहीत, मारतात. "घर ओयखू आलं पाह्यजे," भाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून चार वेळा असतं. भाजीवाल्यालाही सांगतात.

आणि भाऊंचं स्वतःचं घर. काय सांगू. पोपटी. साधा पोपटी नाही, डोळ्यांत जाणारा, आणि त्याला वरून गुलाबी पट्टा. प्रज्ञा, त्यांची एकुलती एक मुलगी, दहावी पास झाली तेव्हा तिच्या आवडीनं दिला होता. तो रंग आता ठिकठिकाणी पापुद्रे धरून सुटलेला, तरी घर गल्लीच्या टोकावरून दिसायचं. प्रज्ञा पुढे अमरावतीला शिकायला गेली आणि तिथंच वर्गातल्या मुलाशी, परजातीतल्या, आपल्या मनानं लग्न ठरवून आली. घरात काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही. ती त्याच दिवशी गेली ती परत आली नाही. साऱ्या तालुक्याचे मांडव टाकणाऱ्या माणसाच्या दारात त्याच्या पोरीचा मांडव पडला नाही. ती सुरतेला असते एवढं आम्हाला कळलं होतं. वानखडेवहिनी त्याआधीच वारलेल्या. प्रज्ञाचं नाव कोणी काढलं की भाऊ "पेट्या पाह्यच्या हायेत" म्हणून उठायचे.

तर यंदा आमच्या कॉलनीनं सुंदर वसाहतीच्या स्पर्धेत भाग घेतला. देशमुखसाहेबांनी ठरवलं की सगळ्या घरांची समोरची बाजू आणि कंपाउंड एकाच रंगाचं करायचं. बदामी. सगळ्यांनी हात वर केले, एक वानखडेभाऊ सोडून.

"तुमी करा बदामी. मस्त दिसतीन. माहं राहू द्या."

देशमुखसाहेबांनी एकजुटीवर भाषण केलं. एका घरासाठी सगळ्या कॉलनीचा नंबर जाईल म्हणाले. मीही बोलले, कारण खरं सांगायचं तर त्या पोपटी भिंतीचा उजेड माझ्या बैठकीत पडायचा आणि आम्ही सगळे कावीळ झाल्यासारखे दिसायचो. भाऊंचं एकच, घर ओयखू आलं पाह्यजे. आम्हाला वाटलं माशांबद्दल बोलत आहेत. देशमुखसाहेब चिडून म्हणाले, माशा काय तुमच्या घराची भिंत पाहतात का? भाऊ म्हणाले, "कोन काय पाह्यते, तुमाले काय ठाऊक."

मग फेब्रुवारीत भाऊ हिवरखेडला गेले. तिकडच्या एका शेतकऱ्याच्या पेट्यांत राण्या नव्हत्या, त्याला द्यायला. दोन नवऱ्या खिशात घालून पहिल्या एस.टी.नं गेले, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. जाताना मला सांगून गेले की अंगणात सगळ्या राण्या लग्नाच्या आहेत, उद्या-परवा उडतील, कोणाला तिकडे फिरकू देऊ नका. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, मी अंधारातच घराबाहेर पडले.

दुपारी परत आले आणि कोपऱ्यावर वळल्यावर मला क्षणभर कळेचना की आपण कुठल्या गल्लीत आलो. पोपटी घर नव्हतं. मी सरळ पुढे चालत गेले, दुसऱ्याच्या फाटकापर्यंत, आणि मग माघारी आले. भाऊंचं घर वरपासून खालपर्यंत बदामी झालं होतं.

देशमुखसाहेबांनी कलीम पेंटरला फोन केला होता. कलीम चांगला माणूस, कामाला वाघ, फक्त सांगितलेलं सगळं खरं धरतो. त्याला सांगितलं होतं, वानखड्यांचं समोरून जे जे दिसते ते ते बदामी करून टाक. त्यानं पहाटेपासून केलं. भिंत केली, फाटक केलं, भिंतीवरचा मीटरचा डबा केला. आणि अंगणातल्या पेट्याही केल्या. थंडीत माशा आत गप्प होत्या, त्याला एकही चावली नाही. सगळ्या पेट्या बदामी करून, वरून दिसायला छान म्हणून, त्यानं त्या एका सरळ रांगेत, रस्त्याकडे तोंड करून मांडून ठेवल्या. मला पाहून हसत म्हणाला, "देखो मॅडम, अब एक लाइन में आए."

ऊन चांगलं चढलं होतं आणि पेट्यांसमोर माशांचा नुसता गोंधळ होता. कोण कुठल्या दारात शिरतंय कोणाला ठाऊक नव्हतं. काही राण्या बाहेर असणार, एवढं मलाही समजत होतं. आणि तेवढ्यात कोपऱ्यावर ऑटो थांबला आणि भाऊ उतरले.

मला वाटलं आता हा माणूस कोणाचा तरी जीव घेतो. भाऊंनी घराकडे पाहिलंच नाही. हातातली पिशवी तिथंच टाकली आणि धावत पेट्यांशी गेले. एकेक पेटी उचलून जुन्या जागी, जुन्या दिशेला ठेवायला लागले. निळी कोणती, पिवळी कोणती, हे त्यांना लाकडाच्या गाठींवरून कळत होतं. मग मागे न पाहता म्हणाले, "म्याडम, तो दुपट्टा द्या तुमचा."

नवा होता. निळा, नेमका निळा. मी देऊन टाकला. तो त्यांनी निळ्या पेटीवर बांधला. मग मी घरात जाऊन पिवळी पिशवी आणली, लाल रुमाल आणला, आमच्या ह्यांचा एक पांढरा बनियन आणला. भाऊंनी घरामागच्या बिछायतीच्या गोदामातून झालरी ओढून काढल्या, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा काढल्या. देशमुखसाहेब काय चाललंय बघायला आले आणि त्यांच्या डोक्यावरची नारिंगी टोपी कधी गेली ते त्यांना कळलंही नाही. कलीम रडकुंडीला येऊन बदामी रंगावर ओल्या फडक्यानं घासत होता. थोड्या वेळानं ते अंगण लग्नाच्या मांडवासारखं दिसायला लागलं आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभे राहिलो.

काही आल्या. माझ्या दुपट्ट्यावरून एक लांबट माशी दोनदा घिरट्या घालून आत शिरली, तेव्हा देशमुखसाहेबांनी माझा हात धरला आणि सोडायचा विसरले. पण उन्हं कलली तशा माशा आत गेल्या आणि भाऊंनी पेट्या तपासल्या. बऱ्याच रिकाम्या निघाल्या. एका पेटीच्या दारात एक राणी मरून पडली होती. भाऊंनी ती तळहातावर घेतली.

"दुसरीच्या दारात गेली," म्हणाले. "तिले वाटलं आपलंच हाये."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून घर पाहिलं. मी वाट पाहत होते की आता ओरडतील. ते बिछायतीच्या एका लाल खुर्चीवर बसले. कलीम माफी मागत होता, देशमुखसाहेब माफी मागत होते. भाऊंना ऐकू येत असावं असं वाटलं नाही. मग बोलले ते माझ्याशी, कारण मीच जवळ होते.

"प्रज्ञा गेली ना म्याडम, त्या दिवशी मी फाटकात उभा होतो. मी तिले म्हनलं, हे घर इसरून जाय. बॅग घेऊन निंगाली पोरगी. अन् मागं मागं चालत गेली. घराकडं तोंड करून, कोपऱ्यावरोक. मले वाटलं, मले चिडवून राहिली." तळहातावरची राणी त्यांनी अंगठ्यानं जरा सरळ केली. "मंग पुढच्या बहाराले ह्या माशा आल्या. पह्यली राणी पेटीतून निंगाली, अशीच, पेटीकडं तोंड करून. तवा मले समजलं थे काय करून राहिली होती."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहते मी, त्या पोपटी रंगाला रोज नावं ठेवली, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. देशमुखसाहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी विचारलं, भाऊ, फोन का नाही करत तिला? तर म्हणाले, कोणत्या तोंडानं करू, माझं तोंड तर फाटकातच झालं होतं ना काळं. ती आली तर तिच्या मनानं आली पाहिजे. आली आणि घरच सापडलं नाही तर?

दुसऱ्याच दिवशी देशमुखसाहेबांनी मीटिंग न घेता ठराव पास केला. कलीम पोपटी रंग घेऊन आला. पण तो पोपटी आता कुठं मिळतो? वरूडच्या दुकानांत नाही, मोर्शीत नाही. कलीमनं मिसळून मिसळून पाहिला, आणि प्रत्येक वेळी भाऊ मान हलवायचे. शेवटी मीच मीटरच्या डब्यामागे हात घालून पाहिलं. तिथं कलीमचा ब्रश पोचला नव्हता. तळहाताएवढा जुना पोपटी शिल्लक होता. मी, एक सेक्रेटरी, शिडीवर उभी राहून ओरडले की सापडला. त्यावरून रंग जुळवला. देशमुखसाहेब स्वतः गुलाबी पट्ट्यासाठी दोरी धरून उभे होते. स्पर्धेच्या दिवशी तपासायला आलेल्या बाईंनी गल्लीत शिरताच डोळ्यांवर हात घेतला, आणि आमचा नंबर आला नाही ते वेगळं सांगायला नको.

रंग वाळला त्या संध्याकाळी भाऊ माझ्या दारात आले. म्हणाले, म्याडम, जरा चला. आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथं पोचल्यावर भाऊ वळले, घराकडे तोंड करून उभे राहिले. एक पाऊल डावीकडे झाले, एक उजवीकडे. थोडे मागे सरकले, रस्त्यावर गेले, मागून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली तरी हलले नाहीत.

"दिसते का इथून?"

दिसते म्हणून काय विचारता. सूर्य बुडाला होता तरी ती भिंत झगझगत होती. अख्ख्या वरूडात असं भयंकर घर दुसरं नसेल.

"एस.टी. स्टँडवरून दिसते, भाऊ," मी म्हटलं. "सुरतेहून येणाऱ्या माणसाला विचारायचंसुद्धा काम नाही."

भाऊंनी मान हलवली. मग खिशावर हात ठेवला. दुपट्ट्यावरून घरी आलेली ती राणी होती आत, उद्या पहाटे सासरी जाणार होती. तिला म्हणाले, चाल, घरी. आणि फाटकाकडे चालायला लागले. मी कोपऱ्यावरच जरा उभी राहिले. माझ्याकडे प्रज्ञाचा नंबर नव्हता, पण तिच्यासोबत अमरावतीला शिकलेल्या, माझ्याच शाळेतल्या एका मैत्रिणीचा होता. मी मोबाईल काढला आणि त्या घराचा एक फोटो घेतला.